आम्ही फोडलेल्या खडीचा रोड

माझं माहेर रेणापूरकडचं. लग्न होऊन इकडं आले अन् बहात्तरचा दुष्काळ पडला, तर काय सांगू तुला पोरी, हळद उतरायच्या आधी हातात हातोडा आला. नांदेडला जाणारा मोठा रोड निघाला होता, त्याची खडी आम्ही बायांनी फोडली, मुरूम टाकला, सासू घमेलं भरून द्यायची, मी पुढं द्यायची. आपली बौद्ध वस्ती रोडाला लागूनच, म्हणून येष्टी दारावरून जायची. लई बरं वाटायचं, आपल्या खडीवरून आख्खा मुलूख चालून राहिलाय म्हणून.

मग लातूर नवा जिल्हा झाला, गाड्या वाढल्या, अन् पुढं सायबांनी माळावरून सरळ रोड काढला, दोन मैल पल्याड. येष्टी तिकडं गेली. आपला रोड कागदावरून उडवला म्हणे. शेजारचा शेतवाला दत्तराव, तो दरसाल हातभर रोडावर सरकायचा, माती लोटत लोटत. गेल्या साली तर पार ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत माती ओढली, हरभरा पेरायचा म्हणून. आता तुम्ही पोरी कालेजला कुठून जायच्या, बाळंतीण दवाखान्यात कशी न्यायची?

मी गेले. तो म्हणला, म्हातारे, रोड हायच कुठं, कागद दाखव. मी म्हणलं, थांब, दाखवते. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या साऱ्या बाया घमेली घेऊन आल्या, माझ्यासंगं खडी फोडलेल्या दोघी म्हाताऱ्या पण, एकीला तर धड दिसतही न्हाई. रांग लावली अन् त्याची माती उचलून त्याच्याच वावरात टाकली, तीन दिवस. खालून काळी खडी निघाली. तो बांधावरून वरडून राहिला, माझी माती, माझी माती. हाव बाबा, तुझीच हाय, एक घमेलं ठेवलं न्हाई आम्ही.

मग आमच्या अर्जावर तहसिलीचा मोजणीवाला आला. वस्तीचा रस्ता म्हणून नोंद करतो म्हणला, रुंदी किती लिहू? दत्तराव म्हणला, एक बैलगाडी जाईल इतकी.

मी म्हणलं, "सायेब, इथून दोन येष्ट्या समोरासमोरून न थांबता जायच्या. तितकी लिहा."

मोजणीवाल्यानं टेपाचं एक टोक माझ्या हातात दिलं.

कागद अजून आला न्हाई. येईल तवा येईल. तोवर आम्ही रोज मधोमध चालतो, कडेनं न्हाई. तू पण तशीच चाल.