डावीकडून की उजवीकडून?

...आणि वर तो स्पेअर पार्टवाला मलाच विचारतो, "साहेब, डावीकडून की उजवीकडून?" अरे बाबा, ते मला माहीत असतं तर मी तुझ्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहिलो असतो का? नाही, तुम्हीच सांगा!

म्हणजे झालं काय, आमच्या सासऱ्यांनी मला त्यांचा जुना पिकअप दिला. फोर व्हील ड्राइव्ह! चारही चाकं ओढणारा! आता देताना ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, एकदा मला टेकडीवर न्या." टेकडीवर पाण्याची टाकी आहे. सासरे तीस वर्षं त्या टाकीचे राखणदार. आता गुडघे गेले, चालत चढवत नाही, आणि ती टाकी सोमवारी पाडणार! म्हणजे रविवार हा शेवटचा दिवस. मी म्हटलं, "बाबा, काळजीच सोडा!" छाती ही एवढी फुगवून... माणसाने सासऱ्यांसमोर छाती फुगवू नये, तुम्हाला सांगतो.

कारण त्या रविवारच्या आठ दिवस आधी, शनिवारी, मी रंगीत तालीम म्हणून गाडी टेकडीच्या पायथ्याशी नेली, सगळी खडी, फोर व्हीलचा दांडा खटकन ओढला, ॲक्सिलरेटर दाबला... मागची चाकं जागच्या जागी गरागरा, खडी उडतेय, धूर निघतोय, आणि पुढची चाकं? ढिम्म! लग्नात रुसलेल्या आत्यासारखी! मी घरी आलो, बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "कान पिळलेत का तिचे?"

बघा! माणूस संकटात आहे आणि हिला विनोद सुचतायत! म्हटलं, "तू थांब गं. हे ट्रान्सफर केसचं काम आहे." ट्रान्सफर केस म्हणजे, गिअरबॉक्सच्या मागे एक पेटी असते, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना वाटून देणारी. हे मला तरी कुठे माहीत होतं? शेजारच्याने सांगितलं. शेजारच्याकडे स्कूटर आहे.

गेलो स्पेअर पार्टवाल्याकडे. म्हटलं, "जुन्या पिकअपची ट्रान्सफर केस द्या." तो चष्म्यावरून माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी दुकानात शिरून 'एक माणूस द्या' म्हणालो! "कुठली? चेनची की गिअरची? लोखंडी की ॲल्युमिनियमची? पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट निघतो तो डावीकडून की उजवीकडून? पेटीवर पत्र्याची चिठ्ठी असेल, तिच्यावरचा नंबर आणा."

आलो घरी, शिरलो गाडीखाली. चिठ्ठी होती हो! तिच्यावर एवढा चिखल की भाजी लावावी. दात घासायच्या ब्रशने घासली. माझ्याच ब्रशने, नाहीतर घरात राहू दिलं असतं का मला? पहिले दोन आकडे दिसले, शेवटचा एक दिसला, मधलं सगळं गंजाने खाल्लेलं. पार्टवाला म्हणतो, "मधलेच तर महत्त्वाचे असतात."

परत गाडीखाली. लोखंड की ॲल्युमिनियम, हे ओळखायला फ्रिजवरचं चुंबक घेतलं, त्या पोपटाच्या आकाराचं. लावलं. पोपट पडला, थेट माझ्या नाकावर! म्हणजे ॲल्युमिनियम. मी एवढा खूश, खालूनच ओरडलो, "ॲल्युमिनियम आहे गं!" वरून आवाज, "पोपट जागेवर ठेवा. आणि कान पिळा तिचे!" म्हटलं, तू थांब!

मग डावी-उजवी. मी नीट बघितलं, शाफ्ट उजव्या हाताला. दुकानात जाऊन ठणकावून सांगितलं, "उजवीकडून!" तो म्हणतो, "कसे शिरला होता खाली?" आता हा काय प्रश्न झाला? म्हटलं, "मागून. उताणा. डोकं इंजिनाकडे." त्याने एकदम डोळे मिटले. "साहेब, मग तुमची उजवी ती गाडीची डावी. गाडीची बाजू ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरते." म्हणजे? बघायचं खाली झोपून आणि ठरवायचं वर बसून? मी त्या दुकानात, लोकांदेखत, हवेत स्टीअरिंग धरून बसल्यासारखा वाकलो, मग उताणा झाल्यासारखा मागे झुकलो, मागचं गिऱ्हाईक मला धरायला धावलं... त्याला वाटलं चक्कर आली.

डावी ठरली. तर म्हणे, "आता आतले दाते मोजून आणा." म्हटलं, कसे मोजू? "पेटी उतरवून." उतरवून! अहो, उतरवता आली असती तर तीच उचलून तुझ्या काउंटरवर आपटली नसती का? शेवटी त्यालाच दया आली. अंदाजाने एक जुनी पेटी बाहेरगावाहून मागवतो म्हणाला. कधी येईल? मंगळवारी! आणि टाकी सोमवारी पाडणार!

रविवारी सकाळी सासरे आले. इस्त्रीचा शर्ट, बूट पुसलेले, टाकीच्या दाराची जुनी किल्ली खिशात. कुलूप कधीच बदललंय, पण किल्ली आणली होती. मला बघवेना हो. मी म्हटलं, "बाबा, गाडी चढणार नाही. मी खूप प्रयत्न केला." ते म्हणाले, "पायथ्यापर्यंत तर चला."

तिघं पुढच्या सीटवर. मी स्टीअरिंगवर, बाबा मध्ये, बायको खिडकीशी. पायथ्याशी पोचलो. बाबांनी मला हाताने थांबवलं, आणि मान न वळवता बायकोला म्हणाले, "उतर गं."

आणि ही उतरली! पंचेचाळीस वर्षांची बाई, शाळकरी मुलीसारखी टुणकन! पुढच्या डाव्या चाकाशी बसली, मधोमध एक गोल चावी असते, ती धरून पिळली... खट्! उजव्या चाकाशी गेली, पिळली... खट्! बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि आत येऊन बसली. "पिळले, बाबा."

मी विचारलं, "काय पिळलं?"

"कान! जुन्या गाडीत पुढची चाकं हाताने जोडावी लागतात. लहानपणी रोज चढाच्या आधी मीच पिळायचे. पहिल्या दिवसापासून सांगतेय तुम्हाला! पण मी आपली थांबले. तुम्हीच म्हणालात ना, तू थांब?"

ट्रान्सफर केस ठणठणीत होती हो! आठ दिवस मी निरोगी माणसाच्या ऑपरेशनसाठी रक्त शोधत होतो! दांडा ओढला, ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावला, आणि गाडी वर अशी निघाली, अशी निघाली... वर पोचल्यावर बाबा टाकीच्या भिंतीला तळवा लावून उभे राहिले. म्हणाले, "तीस वर्षं. थेंब गळला नाही हिचा." टाकी नव्हतीच गळत. आम्ही तिघं गळत होतो.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण मंगळवार उजाडलाच. पेटी आली, नको म्हणून सांगायला गेलो, तर बायको हट्टाने बरोबर! तिला पार्टवाला बघायचा होता. तिने काउंटरवर त्याला सगळं सांगितलं. सगळं! पोपटासकट! तो हसून हसून खाली बसला, चष्मा पुसला, उठला, आणि माझ्या कानांकडे बघत विचारतो कसा, "मग साहेब, पिळला कुठला? डावीकडचा की उजवीकडचा?"

म्हटलं, "दोन्ही."