वयाच्या रकान्याने

(मेजवानीच्या हॉलला लागून स्वयंपाकघर. अर्धवट उघडं दार.)

आत्या: पण शेजारी शेजारी? तुझा बाप आणि तुझा काका? एवढं लांबलचक टेबल, त्यात हीच जोडी सापडली तुला?

भाची: मी कुठे बसवलं? लॅपटॉपवर पाहुण्यांचा तक्ता केला, पायथॉनला, म्हणजे प्रोग्रामला म्हटलं, वयाच्या रकान्याने लाव. जुळे भाऊ, वय एकच, आले खेटून.

आत्या: आग लागो तुझ्या पायथॉनला. कॅरमची राणी कुणी ढापली, यावरून तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आज माझ्या पंचाहत्तरीला एक जरी उठून गेला ना, माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

भाची: उंचीने लावून पाहिलं. शेजारी. मग दोन रकाने दिले. आधी आडनाव, आडनाव सारखं निघालं तर चष्म्याचा नंबर.

आत्या: मग?

भाची: शेजारी.

आत्या: चष्मासुद्धा? एका पाळण्यात झुलले, एका अंगाईला निजले, शाळेच्या दारात एका सुरात रडले. कसला रकाना तोडतोय त्यांना. तू आपली सरळ चिठ्ठ्या टाक.

भाची: तेही होतं. क्रमबिम काही नाही, पत्त्यांसारखं पिसायचं.

आत्या: मग पिस की.

भाची: लॅपटॉप घरी राहिला.

आत्या: राहिला, की ठेवलास?

भाची: आत्या, मी नावाने लावत होते. दोघं दोन टोकांना जात होते. वयानेच लाव, हा हट्ट कुणाचा?

आत्या: मोठ्यांचा मान राखावा म्हणून म्हटलं.

भाची: आणि जुळ्या भावांचं वय सख्ख्या बहिणीला ठाऊक नव्हतं.

आत्या: फार बोलतेस. ते बाहेर बघ, कोण आलं?

भाची: बाबा. काका आधीच बसलेत. बाबा खुर्चीवरचं नाव वाचतायत. परत वाचतायत.

आत्या: मला बघवत नाही. तूच सांग.

भाची: बसले. काकांकडे पाठ करून.

आत्या: झालं मग. उगाच खाज मला.

भाची: थांब जरा. वाढणाऱ्याला बोलावलं बाबांनी. म्हणतायत, तो पंखा इकडे वळवा, याला घाम फार येतो.

आत्या: याला म्हणाला?

भाची: हो. नाव नाही घेतलं.

आत्या: नाव त्याने लहानपणीही कधी घेतलं नाही गं.