डोंगराचा धूर थांबला आहे

आदरणीय अध्यक्ष जयप्रकाशजी, व्यासपीठावरचे मान्यवर, अब्बासियाच्या ट्रॅफिकमधून वाट काढत इथं सबाह अल-सालेमला पोहोचलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या शर्मिलाताई, सर्वांना या अशरफचा सलाम आणि नमस्कार.

अध्यक्षांनी आत्ताच दिलासा दिला की ताई ज्या ज्वालामुखीवर कामाला चालल्या आहेत, त्याचा धूर महिन्याभरापासून थांबलाय, तेव्हा काळजी नसावी. टाळ्याही पडल्या. साहेब, आपल्या वयाचा मान राखून सांगतो, धूर थांबला म्हणूनच ताईंना इतक्या घाईनं बोलावलंय.

इथं आखातात तेलाच्या फील्डवर ताई आणि मी जमिनीखालची कंपनं मोजत आलो. तिथंही तेच काम. भूकंपमापक डोंगराची थरथर टिपतो, दुसरं यंत्र उतार किती कलला ते सांगतं, तिसरं वायू मोजतं. वायू बाहेर येत राहिला तर एक वेळ बरं. पण तो एकाएकी कमी झाला आणि डोंगर मात्र फुगतच राहिला, तर? कुकरची शिट्टी तुंबली की काय होतं, हे भगिनींना मी सांगायला नको.

तिथला एक नियम आहे. माणसं वर विवराच्या काठावर चढली की एक जण खाली स्क्रीनसमोर बसतो. त्यानं वायरलेसवर 'उतरा' म्हटलं की हातातलं टाकून उतरायचं, कारण विचारायचं नाही. गेल्या वर्षी ताई तिथं काही दिवस होत्या, तेव्हा 'उतरा' आलं. सगळे पळाले. आमच्या ताई वायूचं यंत्र आणायला मागे फिरल्या. ते उचलून त्या निघाल्या आणि मागे त्याच जागी दगड कोसळले. परत आल्यावर इथं कँटीनमध्ये हे हसत हसत सांगत होत्या. मी फार चिडलो. तर म्हणाल्या, "अशरफभाई, यंत्र गेलं असतं तर खालच्या गावांना कोण सांगणार होतं?"

गावं खरीच आहेत. पण पहिल्या रांगेत त्यांची लेक ओवी बसली आहे, तीही खरी आहे. मला भीती वाटते, ताई. उघडच सांगतो.

शाल झाली, नारळ झाला. आता या भावाचं एकच मागणं आहे. 'उतरा' ऐकलं की यंत्र तिथंच सोडून उतरायचं. बोलू नका, ओवीसमोर नुसती मान हलवा.

अध्यक्षमहाराज, आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो, पोटात घाला. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. भाषण संपलं, पण थोडा वेळ इथंच उभा राहतो. ताईंनी अजून मान हलवलेली नाही.