नेहमीचा आकडा

आईबापांनी ठेवलेल्या स्कोअरवर कधी विश्वास ठेवू नका, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझी रविवारची शिफ्ट शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, आणि लेकीची सॉफ्टबॉलची मॅच नेमकी तेव्हाच इकडे चेन्नईत. टीमचा स्कोअर आमची बायको ठेवते. जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला की म्हणायची, "आज तीन हिट!" मग मी ते अख्ख्या कॅन्टीनला ऐकवायचो.

एकदा रजा मिळाली, तसा मैदानावर जाऊन बसलो. लेकीने मारलेला चेंडू घरंगळत थेट समोरच्या टीमच्या मुलीकडे गेला आणि तिच्या हातून सुटला. बायकोने मोबाइलवरच्या स्कोअरमध्ये लगेच लेकीच्या नावावर हिट टाकली. शेजारच्या तमिळ बाई ओरडल्या, "अय्यो मॅडम, एरर!"

मी म्हटलं, "अगं, चूक त्या पोरीची, तिच्या हातून सुटला म्हणून आपली वाचली. ही हिट कशी?"

"अहो, आज तुम्ही इथे आहात म्हणून दिसलं. एरवी फोनवर तुम्हाला काय सांगू?"

पुढच्या रविवारी पुन्हा शिफ्ट. कॅन्टीनमधून फोन लावला. "आज किती?"

ती म्हणाली, "खरा आकडा सांगू, की नेहमीचा?"

फोनमध्ये मागे पोरींचा आरडाओरडा चालला होता. त्यात आपल्या लेकीचा आवाज कुठला, ते काही कळेना.

म्हटलं, "नेहमीचा सांग."