गोजरबाईचा नंबर

जुन्या जालन्यातल्या मोबाइलच्या दुकानात वंदना रिचार्जसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे धावड्याचे काकासाहेब होते, अन् त्यांच्या ओळखीचे कापडवाले गिरधारीलाल. काकासाहेबांनी दुकानदाराला रिचार्जचा नंबर सांगितला.

"अहो काकासाहेब, हा तर वहिनींचा, गोजरबाईंचा नंबर. त्यांना जाऊन सहा महिने झाले की."

"चालू ठेवून राह्यलो, शेठ."

"कशापायी?"

"आम्ही टूरमधी व्हिएतनामला गेल्तो न्हाई का? तिथली गाईड, लान, नुकतंच लग्न झालेली. हिनं पहिल्याच दिवशी तिची ओटी भरली. खण तुमच्याच दुकानातला व्हता."

"तिला काय कळणार ओटी?"

"बिलकुल न्हाई कळली. खण रुमालावानी गळ्यात बांधून आठ दिवस आमच्यापुढं झेंडा धरून चालली बिचारी. आता तिला पोरगी झाली. हिच्या फोनवर फोटो आला, त्याच खणात गुंडाळलेली. हिला मम्मी म्हणती; मम्मी कशी आहे म्हणून रोज इचारती. तिचं लिवलेलं फोनच मराठी करून देतो."

"मंग खरं काय ते सांगून टाका ना."

"सांगणारच व्हतो. तेवढ्यात तिनं लिवलं, पोरगी पहिलं पाऊल टाकील तवा आधी मम्मीला दाखवीन."

"मंग?"

"मी लिवलं, मम्मी वाट पाहून राह्यली."



"काका, किती दिवसांचा मारू?" दुकानदारानं विचारलं.

काकासाहेब मागे वळले.

"बाई, लेकरू कितव्या महिन्यात चालतं?"

"वर्षाचं होता होता चालतं, काका," वंदना म्हणाली.

"मंग वर्षाचा मार."