मधल्या चौकोनातला बिल्ला

आमचं मूळ कोकणातलं म्हणतात, पण मी काही कोकण पाहिलं नाही, आजोबा रेल्वेत कारकून होऊन इकडे आले आणि इकडचेच झाले. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कारकुनी जमली नाही, त्यांनी महूला छावणीच्या बाजारात शिलाईचं मशीन टाकलं. फौजींच्या वर्द्या शिवायचे. मतलब काय, फौजीची बदली झाली की खांद्यावरचा कपड्याचा बिल्ला बदलतो, जुना उसवायचा, नवा लावायचा, हे त्यांचं रोजचं. जुना कोणी परत मागत नसे, रहने दो मास्टरजी म्हणून निघून जायचे, आणि अण्णा तो बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. मी म्हणायची कशाला हा पसारा, तर म्हणायचे, अगं कोणाच्या तरी खांद्यावर होता तो, केरात कसा टाकू.

मी शकुंतला, पण राजेंद्र नगरात गोधडीवाली काकू विचारा, कोणीही घर दाखवेल. गोधडी आईनं शिकवली. जुनी लुगडी थरावर थर घालायची, बाहेरून आत शिवत यायचं, आणि मधला चौकोन कधी रिकामा सोडायचा नाही, तिथे घरच्या माणसाचं काहीतरी लावायचं. रिकामा राहिला तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं ती म्हणायची. मी हसायची तेव्हा.

दिनू माझा धाकटा भाऊ. दुकानात फौजी बघून बघून तोही फौजेत गेला. लढाईत नाही गेला हो तो, सुटीवर घरी येत होता, मानपूरजवळ घाटात बस उलटली, त्यात गेला. लढाईत गेला असता तर चौकाला नाव दिलं असतं, भाषणं झाली असती, बसमध्ये गेला तर लोक म्हणाले, नशीब. मला अजून राग येतो, काय सांगू तुम्हाला, वर्दी काय वेगळी होती का त्याची? आमच्याकडे त्याचा एक बिल्ला राहिला, आधीच्या सुटीत दुरुस्तीला टाकलेला, कोपऱ्याला अण्णांनी हिरव्या दोऱ्यानं रफू केलेला, कारण त्या दिवशी खाकी दोरा संपला होता. आई गेल्यावर तिच्या लुगड्यांची गोधडी मी शिवायला घेतली, तिच्या मधे लावायला म्हणून तो बिल्ला जपून ठेवला.

अण्णा गेल्यावर डबा माझ्याकडे आला. त्यातल्या बिल्ल्यांची मी एक गोधडी केली, माझ्या सुनेनं तिचा फोटो मोबाइलवर टाकला, आणि फिर काय, जुन्या फौजींच्या घरची माणसं यायला लागली, बापाचे, आजोबांचे बिल्ले घेऊन, आठवण म्हणून शिवून द्या. पण पांघरत कोणी नाही. भिंतीवर काचेत लावतात. गोधडी आणि काचेत, सांगा तुम्ही.

मागच्या वर्षी एका मोठ्या घरची सून आली. तिच्या आजेसासऱ्यांचे बिल्ले, ते फौजेत अफसर होते. चौकोन नऊ आणि बिल्ले आठ. म्हणाली, आंटीजी, बीच में कुछ भी लगा दो, बस अच्छा दिखना चाहिए. मी तिथेच सांगायला हवं होतं, कापडाचं फूल लावते म्हणून. पण मनात आलं, दिनूला इथे भिंत मिळेल, हार मिळेल, येणारा-जाणारा हात जोडेल, माझ्या घरी तर तो डब्यात पडून आहे. लावला मी त्याचा बिल्ला मधे. कोणाला बोलले नाही.

गोधडी भिंतीवर लावली त्या दिवशी त्यांनी घरी कार्यक्रम ठेवला, मलाही बोलावलं होतं. घरचा मुलगा माइकवर म्हणाला, ये बीचवाला सबसे खास है, दादाजी को लड़ाई में मिला था. सगळे उभे राहिले, एक म्हातारे फौजी होते त्यांनी सलाम केला, मीसुद्धा मागे उभी, आणि मला काचेतून तो हिरवा दोरा दिसत होता. सलाम माझ्या दिनूला, नाव दुसऱ्याचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी गेले, खरं काय ते सांगितलं, म्हटलं तेवढा द्या, मी फूल लावून देते. सून म्हणाली, आंटीजी, अब तो सबको बता दिया है, और फोटो भी छप गई. मग चहा विचारला. वाईट नाही हो ती, गोड बोलली, म्हणूनच जास्त लागलं. आणि मी तरी कोणत्या तोंडानं भांडू, लबाडी आधी माझी, पायावर धोंडा मीच मारून घेतला.

आता कोणी कमी बिल्ले घेऊन आलं की सांगते, भिया, जितके हैं उतने ही लगेंगे. काही जण उठून जातात, जाऊ देत. आईच्या लुगड्यांची गोधडी पुरी झाली आहे, मधला चौकोन सोडून. माझी सून म्हणते, आई, लावा ना एखादं फूल. नाही लावत. त्या घरच्यांचं भलं होवो, काच तेवढी पुसत राहोत, दिनूवर धूळ नको. मी तीच गोधडी पांघरते, रिकामा चौकोन बरोबर छातीवर येतो. आई म्हणायची ना, झोप लागत नाही. खरं सांगायची ती.