हलका दिवस

ओदिलिया : …आणि मी म्हणते, एक शब्द. "नाही." तोंड उघडायचं, "नाही" म्हणायचं, तोंड मिटायचं. एवढ्याला काय लागतं रे, नेवार्दो?

नेवार्दो : ताई, दूध उतू जातंय.

ओदिलिया : जाऊ दे. विषय बदलू नकोस. आर्सेनियोकाका तुन्ह्याच्या रेडिओ केंद्रावरून निघालेसुद्धा. म्हातारा माणूस या थंडीत घाट चढून येतोय, सगळं रेडिओचं सामान घेऊन. कुणासाठी? तुझ्यासाठी. ते एकच विचारणार, "घेतलं होतंस का काही?" तू म्हणायचं नाही. अख्खा बोयाका प्रांत ऐकेल आणि संपेल हे एकदाचं.

नेवार्दो : आणि नाही संपलं तर?

ओदिलिया : निदान सेनाइदाबाईचं तोंड तरी बंद होईल. काल पावाच्या दुकानात, सगळ्यांच्या देखत म्हणते, "ओदिलिया, तुझा भाऊ पकडला जायच्या आधीच उतरला म्हणे सायकलवरून." तिच्या मांडीवर वाढलास तू! मी पिशवी तिथेच टाकली आणि आले निघून.

नेवार्दो : तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

ओदिलिया : वा! आता तिची बाजू घे.

नेवार्दो : बघ ना. एकोणतीस वर्षांचा माणूस. पायांत दम आहे. गेल्या वर्षी इटलीतला सगळ्यात वाईट घाट जिंकलाय. आणि एक दिवस चालू शर्यतीत, काही पडणं नाही, झडणं नाही, हा पाय टेकतो, सायकल टीमच्या गाडीवर टाकतो आणि सांगतो, मी थांबलो. कायमचा. पुढच्याच महिन्यात त्याच्या टीममधले दोघं डोपिंगमध्ये सापडतात. लोकांनी काय समजायचं?

ओदिलिया : लोकांनी तपासण्या बघायच्या. तुझं रक्त तपासलं, लघवी तपासली. निघालं काही?

नेवार्दो : नाही.

ओदिलिया : मग! त्या दोघांनी घेतलं असेल. तू नाही घेतलंस.

नेवार्दो : मी नाही घेतलं.

ओदिलिया : बघ, म्हटलंस की! हेच म्हण काकांपुढे.

नेवार्दो : मी घेतलं नाही, ताई. मला दिलं होतं का, ते मला माहीत नाही.

ओदिलिया : म्हणजे?

नेवार्दो : आधी गॅस बंद कर.

ओदिलिया : केला. बोल.

नेवार्दो : इटलीतल्या त्या घाटाच्या दिवशी तिथेही पायथ्यापासून धुकं होतं. आपल्यासारखंच, ओल्या घोंगडीसारखं. आदल्या दिवशी मी पार कोसळलो होतो. सकाळी पाय म्हणजे दगड. चढ सुरू व्हायच्या जरा आधी रेन्झो उभा होता बाटली घेऊन.

ओदिलिया : मसाजवाला ना? पापांना टोपी पाठवणारा?

नेवार्दो : तोच. मी जाता जाता बाटली घेतली, प्यालो. गोड लागलं. रोजच गोड असतं. आणि मग थोड्या वेळानं… कसं सांगू तुला.

ओदिलिया : कसंही सांग.

नेवार्दो : आवाज गेले. लोक कडेला ओरडत होते, त्यांची तोंडं हलायची, आवाज नाही. चाकांचा नाही, माझ्या श्वासाचासुद्धा नाही. मी रस्ता चढत नव्हतो, ताई. रस्ताच माझ्याकडे येत होता, सावकाश, कुणी ताट पुढे सरकवावं तसा. पाय फिरत होते, पण ते फिरवायला मी लागत नव्हतो. एकेक जण मागे राहत होता. मी कुणाला मागे टाकतोय असं वाटतच नव्हतं. झोपेत कूस बदलली की उशी मागे राहते ना, तसे ते राहायचे. आणि मग आई दिसली.

ओदिलिया : नेवार्दो, आई जाऊन किती वर्षं झाली…

नेवार्दो : दुधाच्या किटल्या घेऊन. रस्त्याच्या कडेनं चालत होती, तिच्या त्या चालीनं, माझ्या बरोबरीनं. घाई नव्हती तिला. मी विचारलं, जड आहेत का गं? तर म्हणाली, रिकाम्या आहेत.

ओदिलिया : हे तू कधी बोलला नाहीस.

नेवार्दो : कुणाजवळ बोलू? माथा आला तेव्हा मला वाईट वाटलं, संपलं म्हणून. जिंकलोय हे कळलं ते कुणीतरी गळ्यात पडून रडायला लागलं तेव्हा.

ओदिलिया : आणि इथे काय चाललं होतं, ठाऊक आहे? या आपल्या एवढ्याशा दुकानात सगळं गाव. टेबलांवर उभे होते लोक. पापांना डॉक्टरांनी उठायचं नाही म्हणून बजावलेलं. ते उठले. भिंत धरत धरत इथवर आले आणि रेडिओ दोन्ही हातांत धरला, तान्ह्या पोराचं डोकं धरावं तसा. काका तिकडून ओरडतायत, "नेवार्दो एकटा! नेवार्दो ढगांत!" ही सेनाइदाबाई, हीच, हुंदके देऊन रडत होती. पुढच्या महिन्यात पापा गेले. तो दिवस उशाशी घेऊन गेले ते. तो तुझ्या एकट्याचा दिवस नाहीये रे. तू आज "माहीत नाही" म्हणालास की तो आमचाही गेला. त्यांचाही गेला.

नेवार्दो : म्हणूनच इतके दिवस गप्प होतो.

ओदिलिया : त्या रेन्झोला विचारायचंस ना तोंडावर.

नेवार्दो : विचारलं. त्याच संध्याकाळी. पाय चोळत होता माझे. म्हटलं, रेन्झो, आज बाटलीत काय होतं? हसला. म्हणाला, तुझ्या देशचा गूळ. तुझ्या बहिणीनं पाठवलेला.

ओदिलिया : पाठवला होता मी! शेजारच्या मारियाच्या जावयाबरोबर, चांगली मोठी ढेप.

नेवार्दो : हो ना.

ओदिलिया : मग झालं तर! गूळपाणी प्यालास आणि घाट चढलास. आपल्याकडे सगळे तेच करतात.

नेवार्दो : मीही तेच मानलं. वर्षभर मानलं. पण सापडले त्या दोघांनाही बाटल्या रेन्झोच द्यायचा. ते सापडले आणि त्याचा फोन बंद झाला. गूळ देणारा माणूस फोन कशाला बंद करेल? मी घरी गेलो त्याच्या. बायको दारात आली, म्हणाली, मासे धरायला गेलाय. गळ तिथेच होता, दारामागे उभा केलेला.

ओदिलिया : पण ते दोघं सापडायच्या आधीच तू थांबला होतास. तेव्हा तर तुला काहीच संशय नव्हता. मग का थांबलास?

नेवार्दो : ते सांगायला लाज वाटते.

ओदिलिया : माझ्यापुढे? तुझं नाक पुसलंय मी.

नेवार्दो : त्या दिवसानंतर मी प्रत्येक शर्यतीत त्याची वाट बघायचो. पुन्हा तसं होईल म्हणून. रस्ता परत कधी आला नाही माझ्याकडे. मलाच जावं लागायचं, तोंडाला फेस येईस्तोवर. मग या मे महिन्यात, एका साध्याशा चढाआधी, रेन्झो बाटली घेऊन उभा होता. मी हात पुढे केला आणि मनात म्हटलं, देवा, आज यात काहीतरी असू दे.

ओदिलिया : काय म्हणालास?

नेवार्दो : ऐकू आलं मला ते. दुसऱ्या कुणी कानाशी बोलावं तसं. मी बाटली घेतलीच नाही. पुढच्या वळणावर पाय टेकला.

ओदिलिया : एवढ्यासाठी? नुसतं मनात आलं म्हणून?

नेवार्दो : मनापासून आलं, ताई. त्याआधी कुठलीच गोष्ट देवाकडे मी इतक्या मनापासून मागितली नव्हती.

ओदिलिया : मूर्खा. वेड्या. इकडे ये… गाडी आली वाटतं. तोंड पूस.

(आर्सेनियो आत येतात. गळ्यात मफलर, खांद्याला जड पेटी. ती ते टेबलावर ठेवतात.)

आर्सेनियो : देवाची कृपा या घरावर! पोरी, आधी काहीतरी गरम दे, माझा आवाज खालच्या वळणावरच राहिलाय. आणि हा बघा, हा बघा आमचा गरुड! वाळलास रे.

नेवार्दो : या काका. बसा.

ओदिलिया : घ्या, गूळपाणी. चीज घातलंय आत.

आर्सेनियो : सुखी राहा. चाळीस वर्षं शर्यती सांगतोय मी, नेवार्दो. पण त्या दिवसासारखं काही नाही. अजून लोक रस्त्यात धरतात मला, म्हणतात, ते परत एकदा म्हणा ना, "नेवार्दो ढगांत!"

ओदिलिया : आणि ते शेवटचं, माथ्यावर यानं टोपी काढली आणि आईसाठी वर बघितलं, ते. तेव्हा पापा बोलले, "बघतेय ती."

नेवार्दो : मी टोपी नव्हती काढली.

ओदिलिया : काढलीस की! काकांनी सांगितलं.

नेवार्दो : ताई, डोक्यावर हेल्मेट होतं. टोपी नव्हतीच.

ओदिलिया : काका?

आर्सेनियो : असं आहे पोरी… धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडालं नव्हतं. शेवटचे चार किलोमीटर पडद्यावर नुसतं पांढरं. मी तुन्ह्यात बसलोय, अख्खा बोयाका कान लावून बसलाय. गप्प बसू? रेडिओवर गप्प बसणं म्हणजे मरणं. मग मी तुझ्या वतीनं चढलो बाबा. एकेक पेडल मारलं. घामाघूम झालो.

नेवार्दो : म्हणजे तुम्हीही पाहिलं नाही.

आर्सेनियो : कुणीच पाहिलं नाही. बरं, चला. दहाच्या बातम्यांआधी आपण थेट हवेत. माझा प्रश्न तुला ठाऊक आहे, माझं काळीजही ठाऊक आहे. तू "नाही" म्हण, पुढचं मी असं उचलीन की दगडाला पाझर फुटेल.

ओदिलिया : काका, थांबा. त्याला जे सांगायचंय ते सांगू द्या.

आर्सेनियो : म्हणजे काय? काय सांगायचंय?

नेवार्दो : सुरू करा.

आर्सेनियो : …बोयाकाच्या मायबाप श्रोत्यांनो! घाटाच्या माथ्यावरून बोलतोय तुमचा आर्सेनियो, आणि माझ्यासमोर बसलाय आपल्या मातीचा मुलगा. नेवार्दो, ऐन भरात असताना तू सायकल सोडलीस. लोक वाईट बोलतात. मी तुला बापासारखा विचारतो, घेतलं होतंस का काही?

नेवार्दो : मी स्वतःहून कधीच काही घेतलं नाही. पण इटलीतल्या त्या घाटात मला दिलेल्या बाटलीत काय होतं, ते मला माहीत नाही. गूळ असेल. दुसरं काही असेल. तपासणीत काही निघालं नाही. पण मला त्या दिवशी थकवा आला नाही. अजिबात आला नाही. आणि पुढे मला पुन्हा तसं व्हावंसं वाटायला लागलं. बाटलीत काहीतरी असावं असं वाटायला लागलं. म्हणून मी थांबलो.

आर्सेनियो : …

ओदिलिया : काका. बोला काहीतरी. हवेत आहात तुम्ही.

आर्सेनियो : हो. श्रोते हो… नेवार्दो, बाळा, तुझे वडील… त्यांना यातलं काही कळलं नाही, हेच बरं म्हणायचं.

नेवार्दो : त्यांना माहीत होतं.

ओदिलिया : काय?

नेवार्दो : दुसऱ्या दिवशी मी फोन केला होता. तू गाई घेऊन गेली होतीस, ताई. ते म्हणाले, पाय दुखतात का? म्हटलं, नाही पापा. म्हणाले, एवढा चढ चढलास आणि दुखत नाहीत? म्हटलं, नाही, थकलोच नाही. त्यांनी जन्मभर बटाट्याची पोती वाहिली होती, चढ म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको. मग हळूच विचारलं, छान होतं का रे? म्हटलं, फार छान होतं, पापा. आई दिसली. म्हणाले, बरं झालं. आता पुन्हा मागू नकोस.

आर्सेनियो : पुन्हा मागू नकोस…

नेवार्दो : एवढंच. आणि मी मागितलं.

आर्सेनियो : मायबाप श्रोत्यांनो, ऐकलंत तुम्ही. माझ्याजवळ यापुढे शब्द नाहीत. आता बातम्या.

ओदिलिया : बंद झालं का ते?

आर्सेनियो : झालं. तुन्ह्यात आता माझा साहेब केस उपटत असेल.

नेवार्दो : काका, रागावलात?

आर्सेनियो : नाही रे. मी हिशोब लावतोय, मी उगाचच चढलो की काय ते चार किलोमीटर.

नेवार्दो : उगाच कसे? पापा तुमच्याबरोबर चढले ते.

आर्सेनियो : …पोरी, अजून थोडं गूळपाणी आहे का?

ओदिलिया : आहे. घ्या. नेवार्दो, ते मला का नाही बोलले रे? महिनाभर त्यांच्या खाटेजवळ बसत होते मी. रोज मला तो दिवस सांगायला लावायचे. रोज नवा असल्यासारखा ऐकायचे.

नेवार्दो : तू सांगतेस छान, म्हणून.

ओदिलिया : माहीत असून ऐकायचे?

नेवार्दो : माहीत असून.

ओदिलिया : डोळे मिटून हसायचे. मला वाटायचं, वेदना कमी झाल्या… थांब, फोन वाजतोय. लागले बघ लोक आता. मी घेते, तू नको घेऊस. हॅलो? हो, मीच. हो. इथेच आहे तो. नाही, रडत नाहीये. तुम्ही का रडताय? …थांबा, विचारते.

नेवार्दो : कोण आहे?

ओदिलिया : सेनाइदाबाई.

नेवार्दो : काय म्हणते?

ओदिलिया : कोंबडी आणि बटाटे घालून सूप ठेवलंय म्हणते. तिघांनीही खाली जेवायला या.

नेवार्दो : आणि काल बोलली त्याचं काय?

ओदिलिया : त्याबद्दल काही नाही. एवढंच विचारतेय, तुझ्या वाडग्यात वरून साय घालू का. तू सायकलला लागल्यापासून नको म्हणायचास ना.

नेवार्दो : घाला म्हणावं.